मेंढीचे उपकार

अंबरनाथ (पूर्व)
१२ ऑगस्ट २०२५

सौ. बकुळा महेश भोईर यांस,
सप्रेम जयभीम.

रविवारी वांगणीला आपल्या तळ्यावर जे पाहिले, ते क्रमाने मांडते.

पहिले. वीटभट्टीसाठी माती काढून उरलेल्या खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून आपण तळे केले आणि मे महिन्यात त्यात गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्ले सोडली. या तळ्याला मातीचा तळ नाही. त्यामुळे किडे, गोगलगायी असा आयता खुराकही नाही. कोळंबीच्या पोटात जे जाते, ते सगळे आपल्या हातून जाते.

दुसरे. खाद्य मी आखून दिले आहे. सुक्या मासळीची पूड, कोळंबीची वाळवलेली डोकी, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा आणि माशाचे थोडे तेल. शंभर भागांत स्निग्धांश सहा भाग. हा आकडा मी झोपेत सांगितलेला नाही.

तिसरे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वाढ उत्तम होती. त्यानंतर माझ्या आलेखातली रेषा आडवी झाली आणि आडवीच आहे.

चौथे. रविवारी जाळ्यात आलेली कोळंबी सुस्त होती, डोक्यातला नारिंगी भाग फिकट पडला होता, आणि काही कोळंब्या कात अर्धवट टाकून मेलेल्या होत्या. कोळंबी कवचासकट वाढत नाही. जुने कवच टाकते आणि नवे कडक होईपर्यंतच्या थोड्या वेळात मोठी होते. कात अडली की वाढ अडली.

पाचवे. पाण्यावर तेलाचा तवंग होता. मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "पावसाचं असेल." पावसात तेल नसते, बकुळाबाई.

पाण्याची तपासणी मी तिथेच केली आणि पाणी निर्दोष आहे. दोष खाद्यात आहे.

आपले दीर अभिजीत यांनी माझ्यादेखत सांगितले की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत विकण्याजोगी कोळंबी निघाली नाही, तर ही जमीन ते फार्महाउसचे प्लॉट पाडणाऱ्या बिल्डरला देणार. जमीन सासूबाईंच्या नावावर आहे आणि पहिल्या पिकाने शब्द राखला नाही तर सही करीन, असे सासूबाईही बोलून बसल्या आहेत. तेव्हा वेळ थोडा आहे आणि लपवाछपवीला जागा नाही.

हे काम मी का अंगावर घेतले, तेही सांगते. मे महिन्यात आपल्या ग्रामपंचायतीत माझे व्याख्यान संपल्यावर आपल्या सासूबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारले, "तू गयाबाईची यशू ना गो?" त्या अंबरनाथला, माझी आई कामाला होती त्या आगपेटीच्या कारखान्याच्या फाटकासमोर सुकी मासळी विकत आणि शाळेतून परतताना रोज माझ्या हातात मूठभर जवळा ठेवत. तो खात मी अभ्यास केला. पोषणशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईने स्वतःच्या पोषणाचा उगम विसरणे बरे नव्हे.

खाद्य जुलैपासून कोण कालवते, कशात कालवते आणि त्यात काय पडते, हे लेखी कळवावे. सोबत खाद्याचा नमुना बंद डब्यात पाठवावा. फोन करू नये. फोनवर माणूस आठवेल ते बोलतो, लिहिताना विचार करावा लागतो.

आपली,
डॉ. यशोधरा ओव्हाळ

---

वांगणी
१७ ऑगस्ट

आदरणीय मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी कंपनीच्या बसमधून आणलं. बस अंबरनाथ एमआयडीसीत रोज येतेच, तर ह्यापुढे पत्रं ह्यांच्याचकडे द्या, तुमच्या वॉचमनला ह्यांनी सांगून ठेवलंय. ह्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचून झाल्यावर म्हणाले, "नोटिशीत इतकं शुद्ध नसतं."

मॅडम, तुम्ही एवढ्या उन्हातान्हात आलात, चिखलात उतरलात, पायातली चप्पल रुतली तरी पहिली कोळंबी हातात धरलीत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. गावात सगळे म्हणतात बकुळाला वेड लागलंय, खड्ड्यात मासे पाळते. खरं सांगते, माझ्या बाजूनं बोलणारं माणूस घराबाहेर तुम्ही एकट्याच.

खाद्य मीच कालवते, पडवीत, पितळी परातीत. बदलापूर गावातल्या अनंताच्या गिरणीवर दळून आणते. प्रथिनं तुम्ही सांगितली तेवढीच आहेत, मी तीनदा बेरीज केली. तेलात कंजुषी केलेली नाही, उलट कोळंबी वाढत नाही म्हटल्यावर हात सैल सोडला. काळजी करू नका.

अभिजीतभावजी रोज तळ्यावर येतात आणि विचारतात, "काय वहिनी, झाली का कोळंबी? का जवळाच विकायचा?" मी हसते. आता किती दिवस हसणार?

नमुना पाठवलाय. डबा परत नाही दिलात तरी चालेल.

आपली,
बकुळा

---

अंबरनाथ
२४ ऑगस्ट

सौ. बकुळा भोईर यांस,

डबा परत पाठवत आहे. दुसऱ्याचा डबा घरात ठेवणे मला जमत नाही.

नमुना तपासला. स्निग्धांश सहा भाग असायला हवा होता. तो दुपटीहून अधिक निघाला. दुसरे असे की, या खाद्याला मासळीचा वास नाही. त्याला फरसाणाचा वास आहे.

आपण ज्याला हात सैल सोडणे म्हणता, त्याचा परिणाम ऐका. कोळंबी भुकेपुरते खाते आणि तिची भूक उष्मांकावर भागते. तेल जास्त झाले की थोड्या घासांत तिचे समाधान होते, मग प्रथिने पोटात जातच नाहीत. परातीत ती असून उपयोग काय? जास्तीचे तेल डोक्यातल्या त्या नारिंगी अवयवात साठते आणि तो निकामी होतो. उरलेले खाद्य पाण्यात पडून राहते. तवंग पावसाचा नव्हता, हे आता आपणही मान्य कराल.

पण वासाचा प्रश्न उरतो. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये दाल-पकवान आणि भजी तळून काळे पडलेले तेल डब्याने स्वस्तात मिळते, हे मला माहीत आहे. महेशरावांची बस तिकडूनही जाते. असे तेल कोळंबीला विषासमान आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील मेद खवट होतो आणि खवट मेद यकृत जाळतो. काटकसर करायची होती, तर मला सांगायचे होते. मी खाद्य बदलून दिले असते. मला न विचारता आणि मला न सांगता केलेला बदल मी फसवणूक समजते.

उत्तर लेखी हवे.

डॉ. यशोधरा ओव्हाळ

---

वांगणी
२९ ऑगस्ट

मॅडम,

तुमचं पत्र आलं तेव्हा दारात गणपती यायचा होता. हातातला हार खाली ठेवून वाचलं. मग मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन आरतीला उभी राहिले. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहिलं असतं, आणि तुमच्यावर मला रागवायचं नाही.

कॅम्प तीनचं तेल मी आणलं नाही. ह्यांनी आणलं नाही. ते गोडं तेल आहे, घाण्याचं शेंगदाण्याचं, आम्ही भाजीत घालतो तेच. फरसाणाचा वास बेसनाचा असेल. गोळी बांधायला मी बेसन घातलं.

आता खरं सांगते. मासळीची पूड नाही, डोकी नाहीत, माशाचं तेल नाही. गटारी झाली त्या दिवसापासून नाही.

मॅडम, श्रावण लागला ना.

अनंता श्रावणात गिरणीत सुकी मासळी घेत नाही, घेतली तर लोक पीठ दळायला येत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मी महिन्याचं दळून ठेवणार होते. पण आईंनी पडवीत उभं राहून सांगितलं, "आपण श्रावण पाळायचा आन तळ्यातल्यांना सुकट चारायची? ती आपल्याच दावणीची नं?" आमची गाय आहे, तिचा प्रश्न नाही. पण मॅडम, आमची मांजरसुद्धा श्रावणात दूधभात खाते. दरवर्षी. कोपऱ्यात बसून आईंकडे बघते, पण खाते.

आणि नुसता श्रावण असता तर संपला असता. आईंनी नवस बोललाय. ह्या तळ्याचा पहिला माल निघेपर्यंत मासळी घरात शिवायची नाही, पडवीतसुद्धा नाही. पंचाहत्तरीला आलेली बाई, जन्मभर सुकटीशिवाय घास उतरला नाही जिला, ती माझ्या तळ्यासाठी वरणभात गिळते. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमच्या नवसानंच माझी कोळंबी अडली? सांगितलं तर ती खचेल. नवस मोडून गुपचूप मासळी घातली आणि तिला कळलं, तर ती भावजींच्या कागदावर सही करेल. तिनं तसं बोलूनही दाखवलंय.

मला वाटलं प्रथिनं डाळींनी भरून काढू आणि चरबी ती चरबी. माशाची काय, शेंगदाण्याची काय. मासळीच्या पुडीतली चरबी गेली म्हणून गोडं तेल दुप्पट घातलं.

चुकलं का? चुकलंच असेल. साजूक तूप घातलं तर चालेल का? गाय घरची आहे.

तुम्ही यायचं बंद केलंत तरी मी तुमचं नाव चांगलंच घेईन.

बकुळा

---

अंबरनाथ
१ सप्टेंबर

सौ. बकुळा यांस,
सप्रेम जयभीम.

कॅम्प तीनच्या तेलाविषयी मी जे लिहिले, ते चुकीचे होते. मी ते परत घेते. महेशरावांनाही तसे सांगावे.

आलेखाची रेषा ज्या दिवशी आडवी झाली, ती तारीख माझ्यासमोर तीन आठवडे होती. मी पाणी तपासले, तेल तपासले, दिनदर्शिका मात्र उघडली नाही. आमच्या घरी श्रावण नसतो, पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो, आणि आई रोज संध्याकाळी मांडीवर बुद्धांचा ग्रंथ घेऊन बसते. दुसऱ्याच्या घरातला महिना आपल्या घरातल्या महिन्याहून वेगळा असू शकतो, एवढे मला सुचायला हवे होते.

आता शास्त्र. शांतपणे वाचावे.

चरबी ती चरबी नव्हे. माणसाच्या बाबतीत डॉक्टर ज्याच्या नावाने घाबरवतात ते कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतः तयार करते. कोळंबीला ते तयार करता येत नाही. तिला ते बाहेरून, खाण्यातूनच मिळावे लागते. आणि कात टाकण्याचा हुकूम जो स्राव देतो, तो त्याच्यापासूनच बनतो. मासळीच्या पुडीत आणि कोळंबीच्या डोक्यांत ते भरपूर होते. शेंगदाण्यात, सोयाबीनमध्ये, बेसनात ते नाही. तेल दुप्पट केले काय, चौपट केले काय, जे नाही ते नाही. आपल्या कोळंबीला खायला पुष्कळ मिळत होते, फक्त कात टाकायला सांगणारे कोणी नव्हते.

तुपाची कल्पना वाचून प्रथम मी हसले, मग हिशेब केला. तुपात कोलेस्टेरॉल असते, पण इतके थोडे की कोळंबीची गरज त्याच्यावर भागवायची तर सबंध खाद्यच तुपाचे करावे लागेल. गाय घरची असली, तरी हे तिला झेपणार नाही.

काल मी सासूबाईंच्या नवसाविरुद्ध दोन पानी पत्र लिहिले होते. ते सुरेख होते. आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, "बरोबर हाये सगळं. पण सुंदराबाईचा नवस मोडून तुझं बरोबर ठरणार असंल, तर तसलं बरोबर तुझ्यापाशीच ठेव." मग मी ते फाडले आणि दुसरा मार्ग शोधला.

यापुढचा मजकूर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवावा.

सुंदराबाई, मेंढीची लोकर कातरून धुतली की तिच्यातून मेणासारखा चिकट मेद निघतो. औषधांचे कारखाने त्यातून कोलेस्टेरॉल वेगळे काढतात. पांढरी भुकटी असते, वास नाही. मासळीचा तिच्याशी संबंध नाही. मेंढी मरत नाही. लोकर देऊन झालेली मेंढी माळावर चरत असते. तुमच्या घरी देवाच्या कार्याला घोंगडी अंथरतात. ती ज्या लोकरीची, तीच ही लोकर.

सोवळे-ओवळे या शब्दांनी आमच्या घराला काय दिले, ते मला कोणी सांगायला नको. त्यांचा आधार घेऊन मी आजवर एक वाक्य लिहिलेले नाही. आज लिहिते, कारण हे वाक्य शास्त्रानेही खरे आहे आणि तुमच्या रीतीनेही. लोकर चालते.

अंबरनाथच्या एका कारखान्यात माझा विद्यार्थी आहे. तीनचार दिवसांत भुकटी येईल. खाद्याच्या किलोमागे तीन ग्रॅम, कोमट तेलात विरघळवून. तेल निम्म्याहून कमी करायचे आणि त्यातले अर्धे जवसाचे. मासळीच्या तेलाची बरोबरी जवस करणार नाही, पण गोड्या पाण्यातली कोळंबी समुद्रातल्या कोळंबीपेक्षा समजूतदार असते, तेवढ्यावर भागवते.

नवस अबाधित राहील. सासूबाईंचे उत्तर लेखी पाठवावे.

यशोधरा

---

वांगणी
५ सप्टेंबर

यशोधराताई, नमस्कार. आता मॅडम लिहवत नाही. आई सांगतात तसं पुढे लिहिते. मधलं माझं आहे, ते कळेलच.

"यशू, तुझा कागद बकुळानं वाचला. दोनदा वाचायला लावला. घोंगडीला कोन नाय म्हनतं? लोकर चालते. मेंढीला लागलं नाय ना कुठं, तेवढं फक्त सांग."

(मी म्हटलं, आई, केस कापल्यावर लागतं का? म्हणाल्या, "नाव्ही चांगला पायजे.")

"आन मला एक सांग. मी पोरांच्या चांगल्यासाठी नवस केला आन तळ्यातल्यांची उपासमार झाली, असंच झालं ना? बकुळा माज्यापासनं लपवते. मला कळत नाय असं तिला वाटतं. परातीला महिनाभर सुकटीचा वास नाय, आन तळ्यात मेलेली कोळंबी. मी आंधळी नाय."

(ताई, त्यांना ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं.)

"पन नवस देवापाशी बोलले. देवापाशी बोललेलं मी परत घेऊ कसं? म्हनून गप बसले. तू वाट काढलीस. तुझं बरं होवो. अभिजीतला मी सांगितलंय, पाडव्याच्या आधी माज्यापुढं कागद आनलास तर त्याच्यावर भाकर थापीन."

(भावजी म्हणाले, "आता मेंढीच्या केसांवर कोळंबी वाढणार? वा! पुढच्या साली बकऱ्याच्या दाढीवर बोंबील." आई म्हणाल्या, "तुझ्या दाढीवर काय वाढलं ते बघ आधी.")

"गयाबाईला विचार, टोपली आठवते का म्हनावं."

एवढंच सांगितलं. कुठली टोपली, ते मी विचारलं तर हसल्या.

भुकटी ह्यांच्याकडे द्या. आईंनी तिच्यासाठी देवघराशेजारचा फळीवरचा डबा रिकामा करून ठेवलाय.

बकुळा

---

वांगणी
२८ सप्टेंबर

ताई,

घाईत लिहिते. सकाळी तळ्यावर गेले तर कडेला सगळीकडे कोळंबीच कोळंबी, पांढरी, पाण्यावर तरंगत. म्हटलं, गेलं. सगळं मेलं. ह्यांना हाक मारली.

भावजी आधी पोचले. त्यांनी एक उचलली आणि हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ही रिकामी आहे."

ताई, ती कवचं होती! नुसती कवचं, काचेसारखी, मिश्यांसकट, डोळ्यांच्या जागेसकट. रात्रीत त्यांनी कात टाकली होती. ह्यांनी जाळं टाकलं, आणि आतल्या कोळंब्या मऊ, निळ्यासावळ्या, आणि एवढ्या मोठ्या की मुठीतून बाहेर.

आई काठी टेकत आल्या. त्यांनी एक कवच तळहातावर घेतलं, घरी आणलं आणि त्या फळीवर ठेवलं. मांजर दोन तास त्याच्याखाली बसली होती.

तुमच्या आलेखातली आडवी रेषा आता वर चढवा.

बकुळा

---

वांगणी
१९ ऑक्टोबर

यशोधराताईंना दिवाळीचा नमस्कार.

आज माल काढला. तुम्ही सांगितलंत तशी मोठी तेवढीच वेचली, बारकी पुन्हा सोडली. भावजी पॅन्ट वर खोचून सकाळपासून गुडघाभर पाण्यात होते. कोणी सांगितलं नव्हतं. कर्जतच्या हॉटेलवाल्यानं सगळा माल बांधावरच घेतला आणि पुढच्या मालाचं विचारून गेला. जेवताना भावजी म्हणाले, "शेजारचा खड्डाही रिकामाच आहे, नाही का वहिनी?" आईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. बिल्डरचं नाव कोणी घेतलं नाही.

सोबत डबा आहे. निवडक, साफ न केलेली. तुम्हाला डोकी बघायची असतील म्हणून तशीच ठेवलीत. नारिंगी आहेत, ताई, केशरासारखी.

आईंचा नवस फिटला. पण त्यांनी अजून खाल्लेली नाही. मी कालवण केलं, ताट मांडलं, तर म्हणाल्या, "पहिला घास हितं नाय." मग टोपलीची गोष्ट सांगितली. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"म्हेशच्या वक्ताला मी कारखान्याच्या फाटकासमोरच टोपली घेऊन बसले व्हते आन तिथंच कळा सुरू झाल्या. गयाबाई पाळी सुटून भायेर आली. आमची वळख नुसती बघन्यापुरती. तिनं मला टांग्यात घातलं आन म्हनाली, जा, टोपली मी बघते. मला वाटलं, आजच्यापुरती. तर मी घरात व्हते तेवढे दिस ती रोज पाळी सुटली का माज्या जागेवर बसायची. माल माजी सासू पाठवायची, इकायची गयाबाई. काही बाया तिला बघून दुसरीकडं वळल्या. ती उठली नाय. तिनं माजी जागा राखली. नायतर त्या फाटकासमोर जागा मिळायला लोक टपलेले व्हते. ती जागा व्हती म्हनून पुढं घर चाललं, आन त्याच कमाईतनं ही वांगणीची जमीन झाली."

मग मी म्हटलं, म्हणून तुम्ही यशोधराताईंना जवळा द्यायचात? तर म्हणाल्या,

"यशूला वाटत असंल, हुशार पोर म्हनून देते. हुशार व्हतीच. पन ती मूठ गयाबाईची. गयाबाईला दिली असती तर तिनं घेतली नसती. म्हनून पोरीच्या हातात."

ताई, राग मानू नका.

बकुळा

---

अंबरनाथ
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ती. सुंदराबाई आणि चि. सौ. बकुळा यांस,
सप्रेम जयभीम.

बकुळा, यापुढे तुला अहो-जाहो करणे मला कृत्रिम वाटते, म्हणून सोडले.

डबा पोचला. डोकी पाहिली. रंग निर्दोष आहे. आकारही माझ्या अपेक्षेहून सरस आहे, आणि माझ्या अपेक्षा सहसा कोणी ओलांडत नाही.

सुंदराबाई, राग आलेला नाही. ती मूठ माझ्या गुणपत्रिकेला मिळत होती, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत होती. निकाल लागला की तुम्ही विचारायच्यात, "कितवी आलीस गो?" मी "पहिली" म्हणायची आणि हात पुढे करायची. एका वर्षी दुसरी आले होते, तेव्हा हात पुढे केला नाही, तर तुम्ही माझा हात ओढून त्यात जवळा ठेवलात. तेव्हाच मला कळायला हवे होते की दोन्हींचा संबंध नाही.

आईला विचारले, "टोपली आठवते का?" ती वाती वळत होती. म्हणाली, "कसली टोपली?" मी सगळी हकिगत सांगितली.

"असंल," ती म्हणाली. "मग काय, रस्त्यावर सोडायची व्हती का?"

"पण तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? सुकट विकली. तुजे बाबा आठ दिवस वासानं जवळ बसले न्हाईत, ते मात्र ध्यानात हाये."

आणि मग हसत सुटली. ऐंशी वर्षांची आई अशी हसताना मी अलीकडे पाहिली नव्हती. हे हसू मला तुमच्या टोपलीतून मिळाले, सुंदराबाई.

विद्यार्थ्यांना मी एक व्याख्या शिकवीत आले. जे शरीराला जगायला लागते पण स्वतः बनवता येत नाही, त्याला आवश्यक घटक म्हणावे. परीक्षेत हे मी अक्षरशः तपासत असे, एक शब्द गळला तरी गुण कापत असे. तुमच्या कोळंबीला मेंढीकडून जे घ्यावे लागले, तसे मला कोणाकोणाकडून घ्यावे लागले, याची यादी मी काल करायला बसले. पहिल्या ओळीत तुमचे नाव लिहिले, दुसऱ्या ओळीत आईचे, मग दोन्ही नावांची अदलाबदल केली, मग पुन्हा केली. क्रम ठरवता आला नाही. क्रमाच्या बाबतीत हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत आहे. आभार मानायचे तर तुम्हा दोघींचे एकाच ओळीत मानावे लागतील. ते मानते.

आता मुद्द्याचे.

डब्यातली कोळंबी मी आज रांधायला काढली, तर आईने माझ्या हातातून पातेले घेतले. म्हणाली, "तिनं अजून खाल्ली न्हाई ना? मग आपन खायची व्हय? ती आली की मी रांधते. तुला तिखटाचा अंदाज न्हाई." कोळंबी परत बर्फात ठेवली आहे. किती दिवस ठेवता येते, ते मला नेमके माहीत आहे. स्निग्धांश असलेला पदार्थ बर्फातही खवट होतो.

तेव्हा सुंदराबाई, येत्या रविवारी दुपारी आपण आमच्या घरी जेवायला यावे. बकुळाने, महेशरावांनी यावेच. अभिजीतरावांनाही आणावे, शेजारच्या खड्ड्याविषयी मला त्यांना काही प्रश्न विचारायचे आहेत. पहिला घास आमच्या आईच्या हातचा असेल. आई आणि तुम्ही, दोघी त्या फाटकासमोर बसलात, आईने तुम्हाला टांग्यात घातले, तुमची जागा राखली. पण माझ्या आठवणीत तुम्ही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाहीत, आणि आम्हीही तुमच्या. याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. त्यावर मला चर्चा नको. मला फक्त रविवार हवा आहे.

येणार की नाही, ते कळवावे. बकुळाच्या अक्षरात चालेल, पण खाली सही सुंदराबाईंची हवी, कशीही आली तरी. महेशरावांच्या हाती तोंडी निरोप पाठवू नये. फोन केल्यास मी उचलणार नाही, आणि आईलाही उचलू देणार नाही.

शनिवारच्या बसने लेखी उत्तर यावे.

यशू